सुटलेला माणूस आणि उद्याचा गुन्हा

छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल कारागृहात जन्मठेप भोगणाऱ्या, बिलोली तालुक्यातल्या एखाद्या कैद्याने संचित रजेचा अर्ज केला की तो अर्ज बराच फिरतो. कारागृहातून तो नांदेडला पोलीस अधीक्षकांकडे येतो, तिथून बिलोली किंवा कुंडलवाडीच्या ठाण्यात, ठाण्यातून बीट अंमलदाराकडे आणि शेवटी गावच्या पोलीस पाटलाकडे. चार जणांचे जबाब होतात, जामीनदार कोण राहणार ते पाहिले जाते, फिर्यादीच्या घरी कुणी जाते किंवा जात नाही. वर जाणाऱ्या अहवालात बहुधा दोनच ओळी उरतात. सोडण्यास हरकत नाही. किंवा, सोडल्यास गावात शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही. दुसरी ओळ आली तर रजा मिळणे अवघड होते.

ही दुसरी ओळ म्हणजे भाकीत आहे. लिहिणाऱ्याला ते रोजचे टपाल वाटते. पण एक माणूस बाहेर आल्यावर कसा वागेल, याबद्दल शासन त्या ओळीत मत देत असते. त्या मतावर त्याचे, त्याच्या घरच्यांचे आणि ज्यांचे त्याने वाईट केले त्यांचेही पुढचे दिवस ठरतात. मी बिलोलीच्या न्यायालयात वकिली करतो आणि हेच भाकीत तिथे निरनिराळ्या वेषांत समोर येते. जामिनाला विरोध करताना सरकारी वकील सांगतात की आरोपी बाहेर आला तर पुन्हा असाच गुन्हा करील. पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्या पोराला १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडायचे का, हे ठरवताना परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल येतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ किंवा ५७ खाली कुणाला तडीपार करतात, तेव्हा तो जिल्ह्यात राहिला तर काय करील याचाच अंदाज बांधलेला असतो. बिलोली, देगलूर, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून आहेत. आमच्याकडचा तडीपार माणूस बोधन नाहीतर निजामाबाद गाठतो, आणि त्याच्याबरोबर त्याची जोखीमही नुसती नदीपलीकडे जाते. सगळ्यांत टोकाला फाशीची शिक्षा. १९८० च्या बच्चनसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशीविरुद्ध जाणाऱ्या बाबींमध्ये दोन शक्यता धरल्या: आरोपी पुढे समाजाला धोका ठरणार नाही ही एक, आणि तो सुधारू शकतो ही दुसरी. या शक्यता नाहीत हे पुराव्याने दाखवण्याचा भार न्यायालयाने सरकारवर टाकला.

म्हणजे एका माणसाच्या अटकेपासून सुटकेपर्यंत ‘हा पुन्हा करील का’ हा प्रश्न कितीतरी वेळा विचारला जातो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी त्याचे उत्तर देते. ते उत्तर बरोबर निघाले की चुकले, हे मात्र कुणी मागे वळून पाहत नाही. हवामान खात्याचा अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी साऱ्या शिवाराला कळते, आणि पुढचा अंदाज सुधारायला तेवढे पुरते. पोलीस ठाण्याच्या, कारागृहाच्या आणि सुटकेच्या सल्लागार मंडळाच्या अंदाजांना हा दुसरा दिवस कधी उजाडतच नाही. या एका उणिवेमुळे या विषयावर मराठीत पुस्तक हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

तसे हे पुस्तक हाती घेणाऱ्या नव्या वाचकाला आधी जमिनीचा नकाशा हवा. तो मी घरापासून सुरू करतो, कारण माणसाच्या भावी गुन्ह्याचा अंदाज बांधण्याचे सर्वांत मोठे सरकारी यंत्र आपल्याच देशात चालले. १८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासह सगळीकडे आला आणि १९२४ मध्ये त्याला एकत्रित रूप मिळाले. या कायद्याला माणसाने काय केले याच्याशी कर्तव्य नव्हते. तो कुठल्या जमातीत जन्मला एवढे कळले की त्याचा पुढचा गुन्हा गृहीत धरायचा, त्याचे नाव नोंदवायचे, हजेरी लावायची, गाव सोडताना पास घ्यायला लावायचा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. बिलोली तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथेही अशा जमातींवर पाळत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. महाराष्ट्रात आज चौदा जमाती विमुक्त म्हणून नोंदलेल्या आहेत. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाने हा शिक्का आतून कसा दिसतो ते मराठी वाचकाला दाखवले. जोखीम मापणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने ते आधी वाचावे, अशी माझी विनंती आहे. मापले जाणाऱ्याच्या बाजूने हा विषय दुसऱ्या कुठल्या ग्रंथात एवढा स्पष्ट दिसत नाही.

जमातीच्या जागी मग सवय आली. १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्यात जन्माचा उल्लेख नव्हता, आधीच्या शिक्षांचा होता. कागदावर हा बदल फार मोठा आहे. प्रत्यक्षात ठाण्यातले रेकॉर्ड जुन्याच वस्त्यांभोवती फिरत राहिले. पुढे अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातींचे उल्लेख आणि जातीनुसार कामाची वाटणी तशीच राहिली. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाल्यावर हा निकाल लागला.

अमेरिकेत याच प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. शिकागोचे समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२८ मध्ये इलिनॉय राज्यातल्या पॅरोलवर सुटलेल्या ३,००० कैद्यांच्या नोंदी घेतल्या, २१ बाबी निवडल्या आणि कुठल्या बाबी असलेले लोक अटी मोडतात याची मोजदाद केली. प्रत्येक अनुकूल बाबीला एक गुण, अशी साधी बेरीज. या बेरजेचे मोठेपण तिच्या साधेपणात आहे: ती कुणालाही तपासता येते आणि चुकली तर चूक दिसते. दोष मात्र तिच्यात आपल्या ओळखीचाच होता. बर्जेस यांच्या यादीत कैद्याचा बाप कुठल्या देशाचा ही बाब होती, आणि भटक्या, शेतकऱ्याचा पोर असे माणसांचे साचे होते. आपण जातीवरून अंदाज करत होतो, तिकडे बापाच्या मुलखावरून.

त्यानंतर दोन तट पडले आणि आजही ते पुरते मिटलेले नाहीत. एका तटाचे म्हणणे, अनुभवी डॉक्टर, अधिकारी किंवा न्यायाधीश माणसाशी बोलून ओळखतो. दुसऱ्याचे म्हणणे, ओळखत नाही; आकडे ओळखतात. १९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी त्या वेळचे अभ्यास एकत्र मांडून दाखवले की साधे आकडी सूत्र तज्ज्ञाच्या मताइतके किंवा त्याहून बरे ठरते. १९६६ मध्ये नियतीनेच एक प्रयोग घडवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बॅक्सट्रॉम निकालामुळे न्यूयॉर्क राज्याला ९६७ रुग्ण गुन्हेगार मनोरुग्णांच्या बंदिस्त संस्थांतून साध्या रुग्णालयांत हलवावे लागले. मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना धोकादायक ठरवून वर्षानुवर्षे कोंडले होते. पुढची काही वर्षे पाहणी झाली तेव्हा त्यांतले अगदी थोडे हिंसक निघाले. तज्ज्ञाचा अंदाज सावधपणाकडे झुकतो, कारण चुकीने कोंडलेल्या माणसाची चूक कुणालाच दिसत नाही. चुकीने सोडलेल्याची मात्र दुसऱ्या दिवशी पेपरात येते. हे सूत्र मला या सगळ्या शास्त्रातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या भागातली ‘नाकारता येत नाही’ची ओळही याच भीतीतून येते.

कॅनडाने मधला रस्ता काढला. तिथल्या अँड्र्यूज आणि बोंटा या मानसशास्त्रज्ञांच्या पिढीने विचारले की नुसता धोका मोजून काय करायचे? माणसाची आधीची शिक्षा बदलता येत नाही, पण दारू सुटू शकते, संगत बदलू शकते, काम मिळू शकते. म्हणून त्यांनी न बदलणाऱ्या बाबींबरोबर बदलणाऱ्या बाबीही मोजल्या. १९९५ मध्ये आलेल्या एलएसआय-आर या त्यांच्या ५४ बाबींच्या पत्रकात नोकरी, कुटुंब, घर, मोकळा वेळ, व्यसन या सगळ्यांची विचारणा आहे. त्यांचे दुसरे म्हणणे अनेकांना पटायला जड जाते. ज्यांची जोखीम मोठी त्यांच्यावर मेहनत घ्या, आणि ज्यांची जोखीम कमी त्यांना शक्य तितके मोकळे सोडा. अशा माणसाला उगाच पाळतीत अन् सराईतांच्या संगतीत ठेवले तर तो बिघडतो. याच काळात एचसीआर-२० सारखी पत्रके आली. त्यांत वीस मुद्द्यांवर तज्ज्ञाने बघायचेच, पण शेवटचा निर्णय बेरजेवर न सोडता कारणे लिहून द्यायचा. कारणे लिहायची ही सक्ती मला बेरजेपेक्षाही मोलाची वाटते.

मग संगणक आले. अमेरिकेत कॉम्पास नावाची एका खाजगी कंपनीची प्रणाली न्यायालयांत वापरात आली. तिचे आतले सूत्र व्यापारी गुपित होते. २०१६ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने लूमिस खटल्यात, काही सावधगिरीच्या सूचना जोडून, तिचा वापर मान्य केला. त्याच वर्षी प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीतल्या सात हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांनी पुढे गुन्हा केला नाही अशा काळ्या लोकांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना प्रणालीने धोकादायक म्हटले होते. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. कंपनीने उत्तर दिले की आमचे गुण दोन्ही गटांत सारखेच खरे ठरतात. गंमत अशी नव्हे, शोकांतिका अशी की दोघेही खरे बोलत होते. दोन गटांत पकडले जाण्याचे मूळ प्रमाणच वेगळे असेल तर दोन्ही प्रकारची समानता एकाच वेळी साधता येत नाही, हे गणितज्ञांनी लगेचच सिद्ध केले. २०१८ मध्ये ड्रेसेल आणि फरीद या संशोधकांनी दाखवले की १३७ बाबी मागवू शकणाऱ्या या प्रणालीइतकी अचूकता केवळ दोन बाबींतून मिळते: वय आणि आधीच्या शिक्षांची संख्या.

इथे थोडे थांबून गणित करू, कारण या विषयातले बहुतेक गोंधळ गणित न केल्याने होतात. समजा, हजार कैदी सुटले आणि त्यांतले पन्नास जण पुढच्या तीन वर्षांत गंभीर हिंसा करणार आहेत. समजा, आपल्याकडे एक चांगले साधन आहे. ते धोकादायक माणसांपैकी ८० टक्के अचूक ओळखते आणि निर्धोक माणसांपैकीही ८० टक्के. वाचकाला वाटेल, ८० टक्के खात्री म्हणजे उत्तम. आता मोजू. पन्नासांपैकी चाळीस सापडले. उरलेल्या ९५० पैकी वीस टक्के, म्हणजे १९० जण, विनाकारण धोकादायक ठरले. साधनाने एकूण २३० जणांवर बोट ठेवले आणि त्यांतले फक्त ४० खरे निघाले. बोट ठेवलेल्या सहा जणांत जवळजवळ पाच निर्धोक. आणि दहा खरे धोकादायक लोक हातातून निसटले ते वेगळेच. साधन खोटे नाही. गंभीर गुन्हा मुळात थोडेच लोक पुन्हा करतात, म्हणून असे होते. फळ्यावर खडूने दहा मिनिटांत करता येणारे हे गणित सुटकेचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येक मंडळाने एकदा करावे.

आपल्याकडे या हिशेबाला लागणारा पहिला आकडाच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी काढतो. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ म्हणजे ७५.८ टक्के खटला संपण्याची वाट पाहत होते, हे आपल्याला त्यामुळे कळते. आत आलेल्या शिक्षाधीन कैद्यांत सराईत किती, हेही तिथे असते. पण तो आकडा दारातून आत येणाऱ्यांचा आहे. आपल्याला हवा तो बाहेर जाणाऱ्यांचा: अमुक वर्षी सुटलेल्या शंभरांपैकी तीन वर्षांत किती जण पुन्हा पकडले गेले, कुठल्या गुन्ह्यात, किती महिन्यांनी. अमेरिकेत तीस राज्यांतून २००५ मध्ये सुटलेल्यांचा असा पाठपुरावा झाला आणि तीन वर्षांत ६७.८ टक्के जणांना पुन्हा अटक झाल्याचे दिसले. हा आकडा उचलून आपल्या लोकांना लावणे अत्यंत चुकीचे. तिथली अटक, तिथले व्यसन, तिथली बंदूक इथे नाही. पण मोजण्याची पद्धत उचलायला कुणाची आडकाठी नाही.

महाराष्ट्रात मुदतपूर्व सुटकेचा विचार होतो तेव्हा कायद्याचा आधार मोठा आहे. लक्ष्मण नस्कर प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने पाच गोष्टी पाहायला सांगितल्या: गुन्हा समाजाला हादरवणारा होता की वैयक्तिक, तो पुन्हा घडण्याची शक्यता आहे का, कैद्यात गुन्हा करण्याची ताकद उरली आहे का, त्याला आणखी कोंडून काही साधणार आहे का, आणि त्याच्या कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती काय. पाचांपैकी दुसरी आणि तिसरी बाब ही सरळ जोखमीची. ती कशी मापायची, हे निकालाने सांगितले नाही आणि ते त्याचे कामही नव्हते. फायलीत मग कारागृहातली वर्तणूक पुढे येते, कारण तेवढेच नोंदलेले असते. तुरुंगात मुकाट राहणाऱ्याला चांगला शेरा मिळतो. जिथे दारू नाही, बायको नाही, भाऊबंद नाही, शेत नाही, तिथली वर्तणूक बाहेरच्या वागण्याविषयी किती सांगणार?

कोविडच्या काळात एक उलटा प्रयोग झाला. ८ मे २०२० रोजी महाराष्ट्राने रजेच्या नियमांत तातडीच्या पॅरोलची तरतूद घातली आणि सात वर्षांहून मोठी शिक्षा असलेल्या कैद्यासाठी एक कसोटी ठेवली: मागच्या दोन्ही रजांनंतर तो वेळेवर परतला होता का? मला ही कसोटी आवडते. ती जात विचारत नाही, चेहरा पाहत नाही, माणसाने स्वतः केलेल्या गोष्टीवर बोट ठेवते. मग ज्यांना कधी रजाच मिळाली नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि कधीच न सुटलेल्याला ही अट आड येऊ नये असे न्यायालयाने म्हटले. साध्या, तपासता येणाऱ्या नियमावर असा वाद घालता येतो. ‘शक्यता नाकारता येत नाही’ या ओळीशी वाद कसा घालायचा?

बाहेरून आणलेली पत्रके इथे जशीच्या तशी चालतील का, यावर या पुस्तकात बराच वाद आहे आणि तो मला त्याचा गाभा वाटतो. पत्ता वारंवार बदलणे, सलग नोकरी नसणे, घरातल्या कुणाला आधी अटक झालेली असणे, या बाबी त्या पत्रकांत जोखमीच्या खात्यात जातात. आता मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुराचा विचार करा. दिवाळीनंतर तो कुटुंबासह कारखान्यावर जातो, पाचसहा महिने कोपीत राहतो, उन्हाळ्यात परततो. आमच्याकडचे लोक हैदराबादला बांधकामावर जातात, वीटभट्टीवर जातात. त्यांचा पत्ता बदलतो तो पोटासाठी. पारध्यांच्या पालावर आधी कुणालाच अटक झालेली नाही असे घर शोधावे लागेल, कारण परिसरात चोरी झाली की पहिली गाडी पालावर जाते. पोलिसांचा संशय पत्रकात पुरावा म्हणून उतरतो आणि पत्रक पोलिसांना सांगते की संशय बरोबर होता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एवर्ट खटल्यात हीच गोष्ट पकडली: तिथल्या मूळनिवासी कैद्यांवर ही साधने खरी उतरतात की नाही, हे न तपासता वापरणाऱ्या तुरुंग विभागाने कायद्याने घातलेले कर्तव्य पाळले नाही, असे त्या न्यायालयाने ठरवले.

उलट जे इथे विचारायला हवे ते त्या पत्रकांत नाही. बिलोली-नायगाव पट्ट्यातल्या खुनांच्या खटल्यांत बांधाचा वाद, पाण्याचा वाद, भावकीतली वाटणी ही कारणे मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. बांध कोरण्यावरून कुऱ्हाड उचलणारा माणूस चौदा वर्षांनी परततो तेव्हा त्याच बांधावर परततो. पलीकडच्या शेतात मयताचा मुलगा आता जाणता झालेला असतो. त्या बांधाच्या मोजणीचा निकाल लागला आहे का, हद्दीचे दगड रोवले आहेत का, हा माणूस त्याच गावात राहणार की सासरवाडीला जाणार, ही माहिती मनाच्या चाचणीपेक्षा जास्त सांगते. त्याच्यापेक्षा त्या बांधाची जोखीम मोठी असू शकते. ती कमी करण्याचे काम भूमी अभिलेख कार्यालय आणि तहसीलदार करू शकतात. पण सुटकेच्या फायलीत त्यांना कुणी विचारत नाही.

गुन्हा का घडतो यापेक्षा तो का थांबतो, याचा शोध घेणारी एक शाखा गेल्या तीसेक वर्षांत पुढे आली आहे. सॅम्पसन आणि लॉब या अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञांनी बॉस्टनच्या पाचशे गुन्हेगार मुलांच्या, ग्लूक दांपत्याने जमवलेल्या, जुन्या नोंदी शोधल्या आणि ती मुले सत्तरीला पोचेपर्यंत त्यांचा माग काढला. बहुतेक सगळे कधी ना कधी थांबले. लग्न, टिकणारे काम, लष्करातली नोकरी यांनी अनेकांचा रस्ता बदलला. गुन्हेशास्त्रज्ञ शॅड मरुना यांनी २००१ मध्ये लिव्हरपूलच्या, गुन्हे केलेल्या लोकांशी बोलून दाखवले की थांबलेला माणूस स्वतःची गोष्ट नव्याने सांगू लागतो. या शाखेला आपल्याकडे फार जुना आधार आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रिडमन आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पुढाकाराने तिथे भिंतीविना कैदी राहू लागले, शेती करू लागले, कुटुंबासह संसार करू लागले. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच प्रयोगावरून स्फुरला. पैठणचे खुले कारागृह आज त्याच वाटेवर आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांतल्या आणि सुटलेल्या लोकांसाठी काम करतो आहे. शेजारच्या हैदराबादेत चंचलगुडा कारागृहाच्या पेट्रोल पंपावर कैदी आणि सुटलेले लोक गाड्यांत पेट्रोल भरतात. कामावर ठेवणारा भेटला की कागदावरची जोखीम उतरते, हे या ठिकाणी जाऊन पाहता येते.

आत्ताच हे सगळे का? कारण निर्णय आत्ता होत आहेत. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. केंद्राच्या २०२३ च्या आदर्श तुरुंग कायद्यात कैद्यांची धोक्यानुसार वर्गवारी आहे आणि रजेवरच्या कैद्याच्या अंगावर मागोवा घेणारे यंत्र बसवण्याची वाट मोकळी आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये नागपूरला पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘मार्व्हल’ ही कंपनी उभी केली. उद्या सुटकेच्या फायलीत संगणकाचा गुण येणार नाही, असे मला वाटत नाही. तो आला की दोन ओळींची जागा एक आकडा घेईल, आणि आकड्याला आपल्याकडे सहीपेक्षा जास्त मान आहे. आकडा येण्याआधी समाजाने प्रश्न विचारायला शिकले पाहिजे: कुणाच्या नोंदींवर तो बेतला, किती वेळा चुकला, कुणाच्या बाबतीत जास्त चुकला, कैद्याला तो दाखवला का, त्याला त्यावर बोलता आले का.

या पुस्तकाचा प्रयत्न हाच आहे. कायदा, मानसशास्त्र, समाजकार्य आणि आकडेशास्त्र या चार बाजूंचे लोक एका प्रश्नाभोवती बसले आहेत आणि एकमेकांशी भांडले आहेत. शिक्षा भोगून आलेल्यांची निवेदनेही इथे आहेत, आणि ती सजावटीसाठी नाहीत. दोन लेखांतले निष्कर्ष त्यांनी उघड खोडून काढले आहेत. संपादकांनी तो वाद मिटवला नाही, हे योग्य केले. तयार पत्रक मिळेल या आशेने पुस्तक उघडणारा अधिकारी निराश होईल. तरीही त्याने ते पुरते वाचावे.

माझा एक मतभेद नोंदवतो. या संग्रहात पीडित पक्षाला पुरेशी जागा नाही. २००२ च्या गुजरातमधल्या सामूहिक बलात्कार आणि हत्यांच्या एका प्रकरणाचा खटला मुंबईत चालला होता. त्यातल्या ११ जन्मठेपेच्या कैद्यांना गुजरात सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये सोडले. शिक्षा देणाऱ्या मुंबईच्या न्यायालयाचे मत प्रतिकूल असूनही ते सुटले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण हा अधिकार महाराष्ट्राचा होता. जिच्यावर अत्याचार झाला तिला ही सुटका कळण्याआधी कुणी काही विचारले नाही. पीडितेची भीती ही भावना आहेच, पण ती माहितीही आहे: कोण धमकी देत होते, कुणाच्या घरी निरोप जात होते, हे तिला ठाणेदारापेक्षा आधी कळते. ती भीती नुसती शिक्षा लांबवण्यासाठी वापरू नये, आणि अहवालातून वगळूही नये. पुढच्या आवृत्तीत या विषयावर स्वतंत्र लेख यावा, असे मी संपादकांना कळवले आहे.

शेवटी एक काम सुचवतो आणि ते नांदेड-लातूरच्या वाचकांसाठी आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात कायद्याची आणि समाजकार्याची महाविद्यालये आहेत. त्यांनी कारागृह विभागाची परवानगी घेऊन आपल्या जिल्ह्यांत शिक्षा भोगून परतलेल्या लोकांची, नावे गुप्त ठेवून, एक यादी करावी आणि पाच वर्षे तिचा पाठपुरावा करावा: कोण पुन्हा पकडला गेला, कोणाला काम मिळाले, कोणाचा बांध मोजला गेला, कोणाविषयी कुठला अहवाल लिहिला होता. त्यासाठी परदेशी पत्रक लागणार नाही, महागडी प्रणालीही लागणार नाही. एक नोंदवही, काही विद्यार्थी आणि त्यांना ठाण्यात बसायला खुर्ची देणारा एखादा अधिकारी एवढे पुरेल. असे अधिकारी या जिल्ह्यांत आहेत, मी त्यांना ओळखतो. त्यांनी हे पुस्तक वाचून झाल्यावर जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना एक पत्र लिहावे.